कडक पावाची चीर आणि दाभोळची दमट हवा

घरी कडक सालीचा पाव करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. व्हिडिओत पात्याचा एकच फटकारा बसतो आणि ओव्हनमध्ये पाव चिरेपाशी मस्त उमलतो. आपल्याकडे मात्र चीर मिटून राहते, नाहीतर पाव चीर सोडून भलत्याच बाजूने फुटतो. मग नवं पातं मागवलं जातं, त्याला लाकडी मूठ येते, आणि पाव पुन्हा तसाच होतो. कारण दोष पात्यात क्वचितच असतो. पातं फक्त चीर पाडतं. ती उघडते गोळ्याच्या वरच्या थराला असलेल्या ताणामुळे आणि आत शिल्लक राहिलेल्या यीस्टच्या जोरामुळे. गोळा सैल वळलेला असेल किंवा ओव्हनपर्यंत पोचण्याआधीच फुगून दमलेला असेल, तर शस्त्रक्रियेचं पातं वापरूनही काही होणार नाही. दाभोळसारख्या खाडीकाठच्या गावात यातलं दुसरं कारण जास्त वेळा खरं निघतं. म्हणून आधी हवेचं बघू, मग वळण्याचं आणि सगळ्यात शेवटी पात्याचं.

इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृती २१ ते २४ अंशांच्या थंड स्वयंपाकघरात लिहिलेल्या असतात. दाभोळला, वाशिष्ठीच्या मुखाशी, मे महिन्यात ओट्यापाशी ३२ अंश सहज असतात आणि हवा चिकट. दर आठ-दहा अंशांना यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. पाककृतीतले चार तास इथे दोन तासांत उरकतात, आणि आपण मात्र इमानाने घड्याळाकडे बघत बसतो. तेव्हा घड्याळ सोडा आणि पीठ सरळ उभ्या भिंतींच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात ठेवा. बाहेरून पिठाच्या पातळीला रबरबँड लावा. पीठ दीडपट झालं की पहिलं फुगवणं संपलं. ‘दुप्पट होईपर्यंत’ हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते आपल्या उन्हाळ्यात घातक आहे. दीडपटीला थांबवलेलं पीठसुद्धा वळताना आणि फ्रिजमध्ये गार होईपर्यंत फुगतच राहतं.

प्रमाण साधं ठेवू. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट अर्धा छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास. पाणी फ्रिजमधलं गार घ्या. पावसाळ्यात मैद्यानेच हवेतला ओलावा घेतलेला असतो, तेव्हा पाण्यातले दहा-पंधरा ग्रॅम आधीच कमी करा. परदेशी पाककृतीतलं ७५-८० टक्के पाणी आपल्या मैद्याला झेपत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे मैद्यात सुकं ग्लूटेन किमान साडेसात टक्के असलं की पुरतं. बिस्किटांना आणि नानकटाईला तेवढं छानच, पण मोकळ्या, आधाराशिवाय उभ्या राहणाऱ्या पावाला ते तोकडं पडतं. पाकिटामागच्या तक्त्यात प्रथिनं बघा. १०० ग्रॅममागे ११ किंवा त्याहून जास्त असतील तो मैदा घ्या. सुटा मैदा घेणाऱ्यांनी पाणी ६० टक्क्यांवर आणावं आणि बिनधास्त करावा पाव. आतली जाळी थोडी बारीक होईल, चीर मात्र जास्त स्वच्छ उघडेल. चक्कीचं गव्हाचं पीठ घालायचं तर सुरुवातीला पाचवा हिस्सा पुरे. त्यातला कोंडा ग्लूटेनचे धागे तोडतो. नाचणी दहा टक्क्यांपर्यंत चालते. तिच्यात ग्लूटेन अजिबात नसतं, पण काळपट सालीवर चीर उठून दिसते हा फायदा.

मळणं फार नको. सगळं एकत्र करून झाकून अर्धा तास ठेवा. मग ओल्या हाताने एक कड उचला, ताणा आणि पलीकडे दुमडा. डबा फिरवत चारी बाजूंनी हेच. अर्ध्या तासाच्या अंतराने असं दोन-तीनदा केलं की विसविशीत पीठ तुमच्या डोळ्यांदेखत गुळगुळीत होतं. हाताला तेल लावू नका, पाणी लावा. तेलाची थारोळी पिठाच्या घड्यांमध्ये अडकली की त्या घड्या एकमेकींना चिकटत नाहीत, आणि पुढे वळताना जोड उकलतो.

वळताना हात कसा चालतो

पोळ्या करणाऱ्या हाताला पाव वळताना दोन सवयी नडतात. एक म्हणजे पिठी. पोळी लाटताना लावतो तशी सढळ पिठी ओट्यावर पसरली की गोळा नुसता घसरत राहतो. ताण यायला गोळ्याचं बूड ओट्याला किंचित चिकटावं लागतं. कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा यासाठी उत्तम, तो कोरडा आणि जवळजवळ बिनपिठीचा ठेवा. पिठी लावायचीच तर हातांना आणि गोळ्याच्या वरच्या बाजूला लावा. दुसरी सवय दाबण्याची. कणीक आपण मुठीने दाबत मळतो. पाव वळताना दाबलं की जमा झालेली हवा निघून जाते. इथे हाताचं काम ओढण्याचं आहे.

आधी कच्चा गोळा करा. डब्यातलं पीठ ओट्यावर हलकेच पालथं करा, कडा सैलसर आत घ्या, उलटा, आणि झाकून ठेवा. थंडीत वीस मिनिटं, मे महिन्यात दहा-बारा. ही विश्रांती बरेच जण गाळतात आणि मग शेवटच्या वळणीत गोळा आखडतो, मनासारखा ताणला जात नाही, जास्त ओढला तर फाटतो.

आता पक्की वळणी. गोळा पालथा करा, म्हणजे गुळगुळीत बाजू खाली जाईल. उकडीच्या मोदकाच्या पाकळ्या टोकाशी एकत्र आणतो तशा कडा एकेक करून ताणत मधोमध आणा आणि चिमटीत धरून जोडा. कोकणातल्या हातांना ही चाल शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की हा मोदक लगेच उलटायचा आणि त्याचं टोक ओट्यावर टेकवायचं. मग दोन्ही तळव्यांच्या कडा गोळ्यामागे लावून तो आपल्याकडे चार-सहा इंच ओढा. थोडा फिरवा, पुन्हा ओढा. प्रत्येक ओढीला वरचा थर खाली खेचला जातो आणि गोळा उंच होतो. तीन-चार ओढींत तो थर घट्ट, तुकतुकीत दिसायला लागतो आणि त्याखाली हवेचे एखाद-दोन बुडबुडे चमकतात. तिथे थांबा. थर विरल्यासारखा किंवा खरबरीत झाला तर ताण जास्त झालाय. पाच मिनिटं हात लावू नका, पुन्हा ओढू तर मुळीच नका. मोठे बुडबुडे वर आलेच तर चिमटीने फोडून टाका, नाहीतर तिथली साल करपते.

लांबट पाव हवा असेल तर पीठ हलक्या हाताने आयताकृती पसरा. डावी-उजवी कड एकावर एक घ्या. मग वरच्या टोकाकडून आपल्याकडे गुंडाळत या आणि दर वेढ्याला अंगठ्यांनी आत दाबा. शेवटचा जोड तळव्याच्या टाचेने नीट बंद करा. पाव बुडाशी किंवा कुशीतून फुटतो तेव्हा बऱ्याचदा हाच जोड उघडा राहिलेला असतो. नवशिक्यांनी लांबट पावापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. गोल पाव दिसायला सोपा वाटतो, पण एक लांब सरळ चीर लांबट पावावरच चांगली बसते.

वळलेल्या गोळ्याला आकार धरायला टोपली लागते. वेताच्या महागड्या टोपल्या मागवण्यात अर्थ नाही. बांबूची परडी किंवा तांदूळ धुवायची छोटी रोवळी घ्या, तिच्यात जुन्या सुती धोतराचा तुकडा अंथरा आणि त्यावर तांदळाचं पीठ चोळा. इथे गव्हाची पिठी किंवा मैदा नको. तो ओल्या गोळ्याशी एकजीव होतो आणि पाव कपड्याला चिकटतो. तांदळात ग्लूटेन नाही, त्यामुळे त्याचं पीठ सुटं राहतं. पावसाळ्यात ते कढईत थोडं कोरडं परतून घ्या. गोळा टोपलीत जोडाची बाजू वर करून ठेवायचा, म्हणजे उलटा केल्यावर गुळगुळीत बाजू वर येईल.

यानंतरचा आपल्या हवेवरचा खरा उपाय म्हणजे फ्रिज. टोपली प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर, आठ ते बारा तास, फ्रिजमध्ये ठेवा. यीस्ट जवळजवळ झोपी जातं, चव वाढते आणि गोळा घट्ट होतो. घट्ट गोळ्यावर पातं सरळ चालतं. रात्री वीज गेली तर फ्रिजचं दार उघडून बघत बसू नका, बंद फ्रिज काही तास थंडी धरून ठेवतो. पाव ओव्हनमध्ये घालायच्या अर्धा तास आधी पिशवी काढून टोपली फ्रिजमध्येच उघडी ठेवा. फ्रिजची हवा कोरडी असते, तिने वरचा थर किंचित सुकतो आणि चीर आखल्यासारखी पडते.

फ्रिज न वापरता बाहेरच फुगवणार असाल तर बोटाची परीक्षा घ्या. पिठी लावलेलं बोट अर्धा इंच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू भरला आणि किंचित खूण राहिली, की ओव्हन तयारच हवा. खळगा तसाच राहिला तर वेळ टळली आहे. अशा गोळ्याला खोल चीर देणं म्हणजे त्यातली उरलीसुरली हवा काढणं. तो सरळ तेल लावलेल्या ताटात बोटांनी पसरावा, वर लसूण, मीठ आणि तेल घालून भाजावा. चांगला लागतो. फ्रिजमधल्या गार गोळ्यावर ही परीक्षा फसवी ठरते, कारण थंडीने तो घट्ट झालेला असतो. तिथे रबरबँडवर विसंबा.

पातं, कात्री आणि कान

चीर द्यायची कशाला, हे एकदा लक्षात घेतलं की कशी द्यायची ते आपोआप कळतं. ओव्हनमध्ये गेल्यावर पहिली दहा-बारा मिनिटं पाव झपाट्याने फुगतो. आतली हवा तापून पसरते, पाण्याची वाफ होते आणि यीस्टही मरण्याआधी जोर करून घेतं. पंचावन्न-साठ अंशांना त्याचा कारभार आटोपतो. दरम्यान बाहेरची साल वाळून कडक होऊ लागते. आतल्या जोराला वाट लागतेच, आणि आपण ती करून दिली नाही तर तो जिथे कमकुवत जागा असेल तिथून बाहेर पडतो.

दाढीचं साधं दुधारी ब्लेड यासाठी सर्वांत उत्तम. आइस्क्रीमच्या काडीला किंवा बांबूच्या सळईला ते अडकवा. स्वयंपाकघरातली सुरी कितीही धार लावलेली असली तरी ती पीठ ओढते. खाऱ्या हवेत ब्लेडला चार दिवसांत तांबेरा येतो, म्हणून वापरल्यावर पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवा. आणि टाकताना जाड कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावा. कचरा उचलणाऱ्या माणसाचे हात आपल्या पावासाठी कापायला नकोत.

गोळा फ्रिजमधून काढला की लगेच चीर द्या. दाभोळच्या दमट हवेत गार गोळ्यावर पाच मिनिटांत दव धरतं आणि पातं अडखळायला लागतं. त्यामुळे ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय टोपली बाहेर काढायचीच नाही. गोळा बटर पेपरवर पालथा करा, वरचं जास्तीचं तांदळाचं पीठ हाताने झटका. आता पातं उभं न धरता आडवं कलवा, पावाच्या पृष्ठभागाशी साधारण ३० अंशांचा कोन. मध्यरेषेच्या जरा बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका दमात ओढा. खोली अर्धा ते एक सेंटिमीटर. तिरक्या चिरेने पिठाचा एक पातळ पदर सुटतो. ओव्हनमध्ये तो वर उचलला जाऊन कडक होतो, त्यालाच बेकर मंडळी पावाचा कान म्हणतात. पातं सरळ ९० अंशांत धरलं तर चीर दोन्ही बाजूंना सारखी पसरते आणि कान येत नाही. गोल पावावर फुली किंवा चौकोन काढायचा असेल तेव्हा हाच कोन बरोबर.

हात कचरला की माणूस करवतीसारखं पुढे-मागे करतो आणि चिरेच्या कडा फाटतात. त्यापेक्षा चीर उथळ पडली तर त्याच रेघेतून दुसरा फटकारा मारा, काही बिघडत नाही. लांब पावावर दोन-तीन चिरा द्यायच्या असतील तर त्या आडव्या घेऊ नका. पावाच्या लांबीशी जवळजवळ समांतर, किंचित तिरप्या, आणि एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला तृतीयांशभर ओलांडून जाईल अशा द्या. पानं-फुलं, गव्हाच्या ओंब्या असलं कोरीवकाम दोन-तीन मिलिमीटरांहून खोल जाऊ नये, आणि त्याच्याबरोबर एक खोल चीर असायलाच हवी. नाहीतर पाव रांगोळी मधोमध फाडून बाहेर येतो. कोरीवकाम हे फोटोसाठी आहे. खाणाऱ्याला कानाचा कुरकुरीतपणा कळतो, ओंबी कळत नाही.

ज्यांना पात्याची भीती वाटते त्यांच्यासाठी कात्री आहे, आणि तिला आपल्या किनाऱ्यावर चांगली परंपरा आहे. गोव्याच्या पोदेरांकडे, म्हणजे पाववाल्यांकडे, पोळी, उंडे आणि काकणांबरोबर कातरे पाव असतात, कात्रीने कापून फुलपाखरासारखा आकार दिलेले. पाव भाजायची ही विद्या गोव्याला पोर्तुगिजांबरोबर आली. यीस्टच्या जागी तिथे माडाची सूर वापरली जायची. दाभोळलाही पोर्तुगीज आले होते, अगदी गोवा घेण्याच्या आधी, डिसेंबर १५०८मध्ये. पण चौलच्या लढाईत मुलगा गमावलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने तेव्हा हे बंदर लुटून जाळलं. पाव शिकवण्याइतका त्यांचा मुक्काम इथे झाला नाही. असो. कात्रीची रीत अशी: टोकदार स्वच्छ कात्री पाण्यात बुडवा, गोळ्याशी ४५ अंशांत धरा आणि मधोमध एका रांगेत एकेक इंचावर खोल कातरत जा. भाजल्यावर टोकंटोकं वर येतात आणि कडक होतात. सैल, चिकट पिठावर पात्यापेक्षा कात्रीच चांगली चालते. मुंबईच्या इराण्याकडच्या ब्रूनसारखे छोटे कडक पाव करायचे असतील तर प्रत्येकावर कात्रीचा एकच कट पुरे.

वाफ कोंडायची कशी

चीर बरोबर, वळणी बरोबर, तरी पाव उघडला नाही तर वाफेकडे बघा. पहिली वीस मिनिटं पावाभोवती वाफ राहिली की साल मऊ राहते आणि चीर उघडायला वेळ मिळतो. आपल्या ओटीजीत वरची कॉइल पावापासून चार बोटांवर असते. ती साल लगेच भाजून बंद करते. झाकणाचं बीडाचं भांडं ओटीजीत मावत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बीडाचा तवा खाली ठेवा आणि पावावर पालथं घालायला प्लास्टिकचं काही नसलेलं स्टीलचं पातेलं घ्या. दोन्ही आतच ठेवून २४० ते २५० अंशांवर निदान अर्धा तास तापवा. कागदासकट पाव तव्यावर सरकवा, पातेल्याच्या आत पाण्याचा हबका मारा आणि पालथं घाला. जाड हातमोजे घाला आणि ओटीजीच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडू देऊ नका, ती तडकते. वीस मिनिटांनी पातेलं काढा, आच २१५वर आणा आणि साल गडद तांबूस होईपर्यंत आणखी वीस-पंचवीस मिनिटं भाजा. फिक्या पावाची साल थंड झाल्यावर चामट होते, तेव्हा रंगाला घाबरू नका. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमधला पंखा वाफ उडवून लावतो, त्यामुळे तिथे झाकण आणखीच गरजेचं. संध्याकाळी विजेचा दाब कमी असेल तर ओटीजीचा आकडा खोटं बोलतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या.

भाजून झाल्यावर ओटीजी बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि पाव दहा मिनिटं आतच राहू द्या. मग जाळीवर निदान तासभर. जुलैमध्ये हे सगळं करूनही दुपारपर्यंत साल नरम पडते, तो हवेचा हक्क आहे. खायच्या आधी २०० अंशांवर सहा-सात मिनिटं गरम केला की साल पुन्हा वाजते, आणि तेवढ्यात कोळंबीचं कालवणही उकळतं.

अजूनही चीर उघडत नसेल तर नेमकं काय चुकतंय ते शोधायला एक प्रयोग करा. एकाच पिठाचे दोन सारखे छोटे गोळे सारख्याच पद्धतीने वळा. दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी एकाला चीर देऊन तो सरळ ओव्हनमध्ये घाला. दुसरा ओट्यावर पाऊण तास ठेवून मग तशीच चीर देऊन भाजा. पहिला जास्त उघडला तर तुमचं पीठ आधीच पुरेसं फुगत होतं. पुढच्या वेळी डब्यातला वेळ कमी करा. दुसरा जास्त उघडला तर घाई होत होती. दोन्ही सारखेच मिटलेले निघाले तर वेळेचा दोष नाही, वळणीकडे जा आणि ओट्यावरची पिठी पुसा. जी वेळ जमली ती खोलीच्या तापमानासकट वहीत लिहून ठेवा, कारण मेची वेळ डिसेंबरात उपयोगी पडणार नाही.